पिंग लागतंय, मग फाइल का सरकत नाही?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘नेटवर्कचा नकाशा आणि देखरेख’. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतून आलेले बरेच जण समोर आहेत, त्यामुळे स्विच, म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन केबलने एकमेकांना जोडणारी पेटी, इथून सुरुवात करत नाही. मला खरं सांगायचंय ते अलार्मबद्दल. एक केबल तुटली की मोबाइलवर चाळीस मेसेज का येतात आणि त्यांचा एक कसा करायचा. पण त्याआधी पिंगबद्दल बोलावंच लागेल.

माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिलं. समोरच्या उपकरणाला छोटं पॅकेट पाठवायचं, उत्तर आलं का आणि किती मिलिसेकंदांत आलं, एवढंच ते बघतं. ते काम ते चोख करतं. तक्रार आपल्या वापराबद्दल आहे. स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसला की लाइन ठणठणीत, असं आपण धरून चालतो.

फाउंड्रीतलं उदाहरण घ्या. ऑफिसातल्या स्विचवरून मोल्डिंग शॉपच्या स्विचला लाइन गेलीय. ऑफिसकडचा पोर्ट कुणीतरी ‘१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ असा फिक्स करून ठेवलाय. फुल म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी पाठवता येतं, हाफ म्हणजे आळीपाळीने. पलीकडचा ऑटोवर, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स समोरच्याशी बोलून ठरवणारा. ऑटोवाला पोर्ट विचारतो, समोरून उत्तर येत नाही. सिग्नलवरून वेग १०० आहे हे त्याला कळतं, डुप्लेक्स कळत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. पिंगमध्ये विंडोजवर ३२ बाइटचा डेटा, लिनक्सवर ५६, तोही सेकंदाला एकदा. तो सुखरूप जातो. आता ड्रॉइंगची मोठी फाइल कॉपीला टाका. दोन्हीकडून एकदम वाहतूक सुरू झाली की हाफवाली बाजू टक्कर झाली समजून फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, अर्ध्यावर सोडते. फुलवाल्या बाजूला ती तुटकी फ्रेम सीआरसी एरर (तपासणीत चुकलेली फ्रेम) म्हणून मोजली जाते. टीसीपी, म्हणजे डेटा पोहोचला का ते बघणारा नियम, हरवलेला भाग परत परत पाठवत राहतो, वेग रांगायला लागतो. मग कॉम्प्युटर फॉरमॅट होतो, अँटिव्हायरस बदलतो, ईआरपीवाल्याला फोनवर बोल लावले जातात. आणि पिंग? हिरवंच!

उत्तर स्विचमध्येच पडलेलं असतं. एका टोकाला लेट कोलिजन (उशिरा लक्षात आलेली टक्कर), दुसऱ्या टोकाला सीआरसी, असे दोन्ही आकडे वाढताना दिसले की निदान झालं. दोन्ही टोकं ऑटोवर टाका. गिगाबिटच्या कॉपर लाइनला तर ऑटो लागतंच. लेट कोलिजन नाही आणि नुसतं सीआरसी वाढतंय, तर कनेक्टर बघा, केबल बघा. इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलला चिकटून यूटीपी, म्हणजे साधी तांब्याची नेटवर्क केबल, नेली असेल, तर ती काढून तिथं फायबर टाका. उगाच क्रिम्पिंग बदलत बसू नका.

हे आकडे एसएनएमपीने (उपकरणांना त्यांचे आकडे विचारायची ठरलेली पद्धत), यूडीपी पोर्ट १६१ वरून, आपोआप गोळा होतात. लिब्रेएनएमएस, झॅबिक्स ही देखरेखीची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. जुना ३२ बिटांचा ट्रॅफिक काउंटर भरलेल्या गिगाबिट लाइनवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही पाच मिनिटांनी वाचणार, म्हणजे ग्राफ चक्क खोटा. ६४ बिटांचा काउंटर घ्या. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, दुसरी किंवा तिसरी लागते.

नकाशाचंही तसंच. भिंतीवरचा नकाशा स्विच बसवले त्या दिवसाचा असतो. आजचा नकाशा स्विचलाच विचारा. एलएलडीपी, म्हणजे शेजाऱ्याला ओळख सांगायची सोय, चालू असेल तर प्रत्येक स्विच दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट सांगतो. टेबलाखालचा साधा आठ पोर्टचा स्विच काही बोलत नाही, पण मॅक टेबलमध्ये (कोणत्या पोर्टवर कोणतं उपकरण आहे याची स्विचमधली नोंद) एकाच पोर्टवर सहा-सात पत्ते दिसले की तो पकडला जातो. ही नोंद बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंदांनी पुसली जाते, म्हणून कामाच्या वेळेत वारंवार वाचा. रात्री वाचलंत तर अर्धा कारखाना गायब दिसेल.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, पाचच मिनिटं आहेत. अलार्म पटकन सांगतो.

प्रत्येक उपकरण कुणाच्या मागे आहे ते सॉफ्टवेअरला सांगा. नॅगिऑस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेरेंट्स’, झॅबिक्समध्ये ट्रिगरची, म्हणजे अलार्मच्या अटीची, डिपेंडन्सी. हे नातं देखरेखीचा सर्व्हर जिथं बसलाय तिथून मोजायचं, सर्व्हर हलवला की नाती बदलतात. मग मधला स्विच पडला की मागचे चाळीस ‘बंद’ न म्हणता ‘पोहोचता येत नाही’ असे धरले जातात, आणि मेसेज एकच येतो.

मर्यादा दोन ठेवा. कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराची पातळी मोजायला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका असतो, तशा. लाइन ८० टक्के भरली की इशारा, ९५ ला धोका, आणि ७० च्या खाली उतरल्याशिवाय अलार्म मिटवायचा नाही. नाहीतर ७९-८१ वर रात्रभर मोबाइल वाजेल. एका चुकलेल्या तपासणीवर मेसेज नको, सलग तीन चुकल्यावर पाठवा. यूपीएसही एसएनएमपीवर घ्या, म्हणजे वळवाच्या पावसात वीज गेली की स्विच मेला हे लगेच वेगळं कळेल.

आणि मेसेज ज्या इंटरनेटवरून जाणार तेच बंद पडलं तर? सर्व्हरला सिमकार्डवाला जीएसएम मोडेम लावा, एसएमएस तिथून जाऊ दे. महिन्यातून एकदा मुख्य लाइन मुद्दाम काढून तो एसएमएस खरंच येतो का ते बघा. सिमचा रिचार्ज संपलेला असतो, तो त्याच वेळी कळतो.