धूर खाली कधी उतरतो?

(दृश्य: न्यूयॉर्क, ७ जून २०२३. शेंदरी आकाश, इमारतींच्या पुसट कडा.)

भरदुपार आहे, तरी रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागलेत. हवेत लाकूड जळल्याचा वास आहे, पण शहरात कुठेच आग नाही. आग आहे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, शेकडो किलोमीटर उत्तरेला. संध्याकाळी पाच वाजता इथला हवा गुणवत्ता निर्देशांक ४८४ वर पोचतो. मोजपट्टी ५०० वर संपते.

महिन्याच्या सुरुवातीला क्वेबेकच्या सुकलेल्या जंगलात विजा पडल्या आणि एकाच वेळी अनेक वणवे पेटले. त्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलेलं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिम अंगाला उत्तरेकडून दक्षिणेकडे. धुराला आयती वाट मिळाली.

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत कौलातून पडलेला कवडसा.)

कवडशात तरंगताना दिसते ती धूळ या गोष्टीतली थोराड मंडळी. वणव्याच्या धुरातला कण साधारण ०.३ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या केसाच्या जाडीत असे दोनशेहून जास्त कण ओळीने मावतील.

हवेतून पडणाऱ्या अशा गोळ्याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलं. व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग चौथाई. वारा नसलेल्या हवेत दहा मायक्रॉनची राख दिवसाला अडीचशे मीटर खाली येते. एक मायक्रॉनचा कण जेमतेम तीन मीटर. आणि ०.३ मायक्रॉनचा? अख्ख्या दिवसात हातभरसुद्धा नाही.

याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात पानांना, भिंतींना जाऊन चिकटतात. आपला कण मधल्या आकाराचा, पडायला हलका आणि धक्क्यांनी भरकटायला जड. हवेत तोच सगळ्यात जास्त टिकतो आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर जातो. एन-९५ मास्कची परीक्षाही जवळपास याच आकाराच्या कणांवर होते, ती उगाच नाही.

मग हा धूर न्यूयॉर्कच्या नाकापर्यंत उतरला कसा?

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर दर तासाला सरकणारा धुराचा नकाशा.)

अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्रविषयक सरकारी संस्थेचं एचआरआरआर-स्मोक हे धुराचा अंदाज बांधणारं संगणकी प्रारूप डिसेंबर २०२० पासून रोजच्या अंदाजात वापरलं जातं. देशावरची हवा तीन-तीन किलोमीटरच्या चौकटींत वाटून ते दर तासाला नवा हिशेब मांडतं. उपग्रह आगीतून निघणारी उष्णता टिपतात, त्यावरून किती जळतंय आणि किती धूर निघतोय याचा अंदाज बांधला जातो. आगीवर ढग आले, की उपग्रहाला ती दिसत नाही.

खरी कसोटी पुढे आहे: धूर किती उंच जाईल? भडकलेली आग त्याला कित्येक किलोमीटर वर फेकते. शेवाळात आणि कुजक्या पाल्यात मुरलेली, धुमसणारी आग मात्र जमिनीलगतच धूर सोडत राहते. म्हणून हे प्रारूप दोन नकाशे काढतं, एक डोक्यावरच्या संपूर्ण हवेतल्या धुराचा, दुसरा जमिनीलगतच्या धुराचा. आकाश मळकट असूनही खाली श्वास मोकळा असू शकतो. मुलांना मैदानावर सोडायचं की नाही हे ठरवायला दुसराच नकाशा पाहावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ऊन तापलं की जमिनीलगतची हवा रवीने ताक घुसळावं तशी घुसळायला लागते. घुसळणीची उंची वरच्या धुराच्या थराला भिडली, की तो धूर खाली ओढला जातो. कण स्वतःहून पडत नाही, हवाच त्याला घेऊन उतरते.

त्याच महिन्यात कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून नॉर्वेपर्यंत पोचला.

(दृश्य: ढग. मग काचेवर पहिले थेंब.)

त्याचा प्रवास बहुतेकदा पाऊसच संपवतो. ढगात पाण्याला थेंब व्हायला काहीतरी आधार लागतो, तो आधार हा कण होतो. थेंब थेंबाला मिळतो, जड होतो आणि सुटतो. दिवसभरात हातभरही न उतरलेला कण आता काही मिनिटांत जमिनीवर येतो.