दोनशे अँपिअर कुठले?

नमस्कार, श्रोतेहो. वेल्डिंग मशीनवर लिहिलेलं असतं २०० अँपिअर, आणि घरातला जाड पिनचा पॉइंट १६ अँपिअरचा. मग चालतं कसं? तर ते २०० रॉडच्या टोकाचे, भिंतीतले नव्हेत. टोकाला व्होल्टेज जेमतेम २३-२४, भिंतीत २३०. मशीन व्होल्टेज उतरवतं आणि त्या बदल्यात अँपिअर वाढवतं. बारा नंबरचा, म्हणजे बारीक रॉड ८० अँपिअरवर चालवला, तर भिंतीतून साधारण १४ जातात. दहा नंबरला, म्हणजे त्याहून जाड रॉडला, मात्र २० च्या आसपास. तिथं गिझरचा पॉइंट पुरत नाही.

आमच्या मेव्हण्यानं गणपतीच्या तोंडावर गेट करायला घेतलं. संध्याकाळी फोन. "दाजी, फसलो! रॉड नुसता चिकटतोय. उद्या मशीन दुकानदाराच्या डोक्यात घालतो." गेलो. मशीनची जाड पिन बसेना म्हणून पठ्ठ्यानं ती कापून मिक्सरची पिन लावलेली. फ्यूज उडायला लागला म्हणून त्यात दुहेरी तार. आणि वायर? मंडपवाल्याकडून आणलेली, पाऊण एमएमची, शंभर फूट! लागत होती वीस फूट. उरलेली वेटोळं करून खाटेखाली. त्या वेटोळ्यावर घरचं मांजर डोळे मिटून पसरलेलं. बाहेर पावसाची झड, खाली आयती शेगडी. हात लावला, तर वायर मऊ पडलेली.

मीटर लावला. रॉड टेकला की बोर्डात २१२ व्होल्ट, मशीनपाशी १९०. वाटेतले बावीस व्होल्ट मांजर शेकत होतं!

आता या घराच्या हॉलमध्ये पीओपीचं छत आहे हं, बारा दिव्यांचं. छतावर पैसा उधळायचा आणि भिंतीतली वायर स्वस्तातली घ्यायची, ही आपली जुनी खोड. असो.

दुसऱ्या दिवशी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढली. चार एमएमची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा सी टाइप एमसीबी (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा, पण भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), औद्योगिक सॉकेट, पक्कं अर्थिंग. परत सांगतो, स्वतंत्र लाइन, चार एमएम. आणि वेल्डिंग करायच्या लोखंडाला मशीनचा जो चिमटा लावतो, तो अर्थ क्लॅम्प म्हणजे घराचं अर्थिंग नव्हे. ते वेगळं लागतं. एक्स्टेंशन लागलंच, तर तेही जाड, आणि पूर्ण उलगडून.

त्याच रॉडनं, त्याच मशीननं गेट चतुर्थीच्या आदल्या रात्री उभं राहिलं. मांजर नव्या वायरपाशी आलं, हुंगलं, बसून पाहिलं. वायर गार. उठलं आणि चुलीकडं गेलं.