ज्याच्यावर गाणे, त्याचीच साथ

श्रोतेहो, नमस्कार.

'फ्लीटवूड मॅक' या बँडचा 'रूमर्स' हा अल्बम ४ फेब्रुवारी १९७७ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्याविषयी आजवर जे लिहिले आणि बोलले गेले, त्यातला बराचसा भाग बँडमधल्या कोणाचे कोणाशी बिनसले होते, याच हकिगतीत खर्ची पडला आहे. ती हकिगत मलाही टाळता येणार नाही, कारण या अल्बममधली बहुतेक गाणी तिच्यातूनच जन्माला आली. परंतु एक चाहता म्हणून मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. या अल्बममध्ये ज्या माणसावर रागावून किंवा ज्याला दुखावून गाणे लिहिले गेले, तोच माणूस त्या गाण्यात वाजवतो आहे किंवा गातो आहे. आणि तो हे काम नाइलाजाने उरकत नाही, तर गाण्याला जे हवे ते सगळे देतो. आजच्या भाषणात मला प्रामुख्याने याचविषयी बोलायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. हा बँड १९६७ साली लंडनमध्ये पीटर ग्रीन या गिटारवादकाने उभा केला, आणि तेव्हा तो निव्वळ ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीतातून आलेला संगीतप्रकार, वाजवणारा बँड होता. त्याचे नाव ड्रमवादक मिक फ्लीटवूड आणि बेस गिटारवादक जॉन मॅक्व्ही यांच्या आडनावांवरून पडले. ग्रीन लवकरच बाहेर पडले, पुढे माणसे येत-जात राहिली, तरी हे दोघे टिकले. जॉन यांच्या पत्नी क्रिस्टीन मॅक्व्ही या उत्तम गायिका, पियानोवादक आणि गीतकार. त्या १९७० साली बँडमध्ये आल्या. बँड कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यानंतर, १९७४ संपता संपता, गिटारवादक-गायक लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स हे अमेरिकन जोडपे येऊन मिळाले. या पाच जणांनी १९७५ साली काढलेला, बँडचेच नाव असलेला अल्बम पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि साहजिकच पुढच्या अल्बमकडून सगळ्यांच्याच अपेक्षा वाढल्या.

त्या पुढच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या साउसालितो गावातल्या 'रेकॉर्ड प्लांट' स्टुडिओत सुरू झाले, तेव्हा बँडची घडी पार विस्कटलेली होती. मॅक्व्ही पती-पत्नीचा सुमारे आठ वर्षांचा संसार मोडला होता आणि कामाव्यतिरिक्त ते एकमेकांशी बोलत नव्हते. बकिंगहॅम आणि निक्स यांचे नाते तुटत होते. एरवी भांडणारे हे दोघे गाण्यांवर काम करताना तेवढे एकमेकांना समजून घेत. फ्लीटवूड यांच्या घरीही स्वस्थता नव्हती. स्टुडिओला खिडक्या नव्हत्या, रात्रीचा दिवस होत असे, आणि मद्य व कोकेन यांची रेलचेल होती. निर्मितीची जबाबदारी बँडबरोबर केन कॅले आणि रिचर्ड डॅशट या दोघांनी सांभाळली. अशा स्थितीत अल्बम पूर्ण झाला, यापेक्षा तो इतका नेटका झाला, हे मला अधिक विलक्षण वाटते.

'गो युअर ओन वे' हे बकिंगहॅम यांचे गाणे घ्या. ते निक्स यांना उद्देशून आहे आणि त्यात राग उघड आहे. त्यातली एक ओळ आपल्यावर अन्याय करणारी आहे, असे निक्स यांचे म्हणणे होते; ती काढून टाकण्याची त्यांची विनंती बकिंगहॅम यांनी मानली नाही. तरीही ध्रुवपदात जे सहगायन ऐकू येते, त्यात निक्स यांचा आवाज आहे. स्वतःवरचा आरोप त्या स्वतःच सुरात गात आहेत, आणि तोही पुढे वर्षानुवर्षे, प्रत्येक मैफलीत. या गाण्याचा ठेकाही आवर्जून ऐकण्यासारखा आहे. अंतऱ्यात फ्लीटवूड यांचा आघात आपण जिथे अपेक्षितो तिथे पडत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय अडखळल्यासारखा होतो. मग ध्रुवपद येते आणि ठेका सरळ धावू लागतो. बकिंगहॅम यांना हवा होता तो ठेका निराळा होता, पण फ्लीटवूड यांना तो तसाच्या तसा जमेना, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने काहीतरी वाजवले, आणि आज ते गाणे त्या ठेक्यावाचून कल्पनेतही आणता येत नाही. शेवटचे गिटारवादन अनेक वेळा वाजवलेल्या तुकड्यांतून जोडलेले आहे, परंतु ऐकताना ते एका दमात निघाल्यासारखे वाटते.

याच भांडणाची दुसरी बाजू 'ड्रीम्स'मध्ये आहे. एके दिवशी मुख्य स्टुडिओत काम नसल्यामुळे निक्स इमारतीतल्या दुसऱ्या एका खोलीत जाऊन बसल्या. गायक स्लाय स्टोन यांच्यासाठी तयार केलेली ती खोली काळ्या-लाल रंगांनी मढवलेली होती. तिथे इलेक्ट्रिक पियानोवर त्यांनी हे गाणे जेमतेम दहा मिनिटांत रचले. गाणे जवळजवळ सगळेच्या सगळे दोन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोनच जुळण्यांवर, उभे आहे. क्रिस्टीन यांना ते प्रथम कंटाळवाणे वाटले होते, आणि नुसत्या पियानोवर ऐकले असते तर कोणालाही तसेच वाटले असते. त्याला आकार दिला बकिंगहॅम यांनी, म्हणजे ज्या माणसाला या गाण्यात तुझ्या वाट्याला एकटेपणच येणार, असे शांतपणे बजावले आहे, त्यानेच. कॉर्ड तेच ठेवून त्यांनी वाद्यांची भर आणि उणे अशी साधली की गाण्याचे तीन भाग तीन निरनिराळ्या प्रकाशांत उभे राहतात. साउसालितोतल्या ध्वनिमुद्रणातला ड्रमचा ठेका आणि निक्स यांचा आवाज एवढेच अखेरपर्यंत कायम राहिले. गिटार आणि बेस नंतर लॉस एंजेलिसमध्ये भरले गेले. गिटार कुठेही पुढे येऊन आवाजाशी स्पर्धा करत नाही. मनात आणले असते तर बकिंगहॅम यांना हे गाणे साधारण करून सोडता आले असते. ते घडले नाही, आणि १९७७ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले या बँडचे एकमेव गाणे हेच ठरले.

जॉन मॅक्व्ही यांच्याविषयी लोक फारसे बोलत नाहीत, कारण त्यांनी फारशी गाणी लिहिली नाहीत आणि मुलाखतींतही ते मागेच राहिले. माझ्या मते या अल्बमचा कणा तेच आहेत. 'यू मेक लव्हिंग फन' हे क्रिस्टीन यांचे गाणे त्यांच्या नव्या प्रेमाविषयी आहे, आणि तो मनुष्य बँडच्याच मंचावरील प्रकाशयोजना सांभाळत असे. जॉन दुखावू नयेत म्हणून हे गाणे आपल्या कुत्र्याविषयी आहे, असे क्रिस्टीन यांनी त्यांना सांगून टाकले होते. या गाण्यातला बेस मुद्दाम वेगळा लक्ष देऊन ऐका. किती लवचीक, किती आनंदी आहे तो! पत्नीच्या नव्या सुखाला दुरावलेल्या पतीने दिलेली ही साथ आहे, हे ठाऊक नसते तर कोणाला शंकाही आली नसती. क्रिस्टीन यांनीच जॉन यांना धीर देण्यासाठी लिहिलेले 'डोन्ट स्टॉप' अधिक गाजले, बिल क्लिंटन यांनी १९९२ सालच्या अध्यक्षीय प्रचारात ते वापरले. पण मला विचाराल तर ते थोडे जास्तच प्रसन्न आहे.

पाचही जणांच्या नावावर असलेले अल्बममधले एकमेव गाणे म्हणजे 'द चेन'. ते कोणी एकाने बसून लिहिलेच नाही. क्रिस्टीन यांच्या एका अर्धवट गाण्याचा शेवट चांगला होता म्हणून तो ठेवला, बाकीचे टाकून दिले. निक्स यांचे शब्द घेतले. बकिंगहॅम यांनी सुरुवातीची गिटार आणली. आणि ध्वनिफीत पात्याने कापून हे तुकडे जोडले. गाणे सुमारे तीन मिनिटे चालते, मग सारे थांबते, आणि जॉन मॅक्व्ही यांचा बेस एकटाच खालून चालत येतो. तो बेस ब्रिटनमध्ये घराघरांत पोहोचला, कारण बीबीसीने १९७८ पासून फॉर्म्युला वन शर्यतींच्या प्रक्षेपणाची ओळखधून म्हणून तोच भाग वापरला. जोडकाम आहे हे कळूनही ते जाणवत नाही, याचे श्रेय मला शेवटच्या सहगायनाला द्यावेसे वाटते: एकमेकांना बांधून ठेवण्याचे शब्द तुटलेल्या दोन्ही जोडप्यांतली माणसे एकत्र गातात, आणि ते वचन आहे की धमकी, हे ठरवणे ऐकणाऱ्यावर राहते.

'साँगबर्ड'साठी मात्र क्रिस्टीन एकट्या बसल्या आहेत. स्टुडिओत त्या गाण्याला हवा तो अवकाश मिळेना, म्हणून कॅले यांनी बर्कलीच्या विद्यापीठातले झेलरबाख सभागृह घेतले. रिकामे सभागृह, रंगमंचावर मोठा पियानो, त्यावर गुलाबाची फुले, वर प्रकाशझोत. लय ढळू नये म्हणून बाजूला बसून बकिंगहॅम हलकेच गिटार वाजवत होते. खोलीचा स्वतःचा आवाज किती महत्त्वाचा असतो, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी हे गाणे आणि त्याच्या आधीचे 'गो युअर ओन वे' लागोपाठ ऐकावे.

इतक्या जोडण्या-कापण्याची किंमतही मोजावी लागली. चुंबकीय ध्वनिफीत यंत्राच्या 'हेड'वरून, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, जितक्या वेळा फिरते, तितका तिच्यावरचा लेप झिजतो, आणि आधी नाहीसे होतात ते वरच्या पट्टीतले चमकदार आवाज. महिनोन्महिने त्याच फितींवर नवे आवाज चढवत राहिल्यामुळे झांजा आणि ड्रम मंद होत चालल्याचे निर्मात्यांच्या ध्यानात आले. सुदैवाने मूळ वादनाची दुसरी फीत जपून ठेवलेली होती. दोन फिती आपोआप एका लयीत चालवण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून एका तंत्रज्ञाने कानांना हेडफोन लावून, एका कानात जुना ड्रम आणि दुसऱ्या कानात नवा असे ऐकत, फितीचा वेग हाताने कमी-जास्त करून सगळी गाणी जुळवली. आपण आज ज्या स्वच्छ आवाजाचे कौतुक करतो, तो या कानाच्या कामामुळे वाचला आहे.

अल्बममध्ये उणे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. 'ओ डॅडी' मला रेंगाळलेले वाटते. 'आय डोन्ट वॉन्ट टू नो' चांगले गाणे आहे, पण ते ज्या गाण्याच्या जागी आले त्याच्या तोडीचे नाही. ते दुसरे गाणे म्हणजे निक्स यांचे 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'. तबकडीच्या एका बाजूवर मर्यादित मिनिटेच मावतात. हे गाणे लांब आणि संथ होते, म्हणून ते वगळले गेले, आणि निक्स यांना ही बातमी फ्लीटवूड यांनी स्टुडिओबाहेर वाहने उभी करण्याच्या जागेत सांगितली. त्या अतिशय संतापल्या. ते गाणे 'गो युअर ओन वे'च्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर गेले, म्हणजे ज्याला ते उत्तर होते, त्याच्याच पाठीवर. वीस वर्षांनी, १९९७ साली, पाचही जण 'द डान्स' या कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले, तेव्हा निक्स यांनी गाण्याच्या अखेरीस बकिंगहॅम यांच्याकडे वळून, त्यांच्या नजरेला नजर देऊन ते गायले. बकिंगहॅम गिटार वाजवत राहिले आणि सहगायनही करत राहिले.

'रूमर्स' अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, १९७८ साली त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला आणि जगभरात त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. क्रिस्टीन मॅक्व्ही ३० नोव्हेंबर २०२२ रोजी निवर्तल्या.

श्रोतेहो, आपण हा अल्बम प्रथमच ऐकणार असाल, तर माझी एक सूचना आहे. नंतर निघालेल्या काही आवृत्त्यांमध्ये 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' मूळ गाण्यांच्या मध्येच घातलेले आढळते. ते मला पटत नाही, कारण 'साँगबर्ड' संपल्यावर तबकडी उलटायची आणि 'द चेन' सुरू व्हायचे, हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. तेव्हा आधी मूळ अकरा गाणी त्याच क्रमाने ऐकावीत, आणि वगळलेले गाणे त्यानंतर, स्वतंत्रपणे, १९९७ सालच्या त्या मैफलीतले ऐकावे.

नमस्कार.