झाडाचं लाकूड येतं कुठून?

नमस्कार, श्रोतेहो.

एवढा थोरला आंबा उभा राहतो, तो कशाचा? मातीचा, असं आपण चटकन म्हणतो. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञांनी हे तोलूनच पाहिलं. वाळवलेली २०० पौंड माती, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप, आणि वरून फक्त पाणी. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड. मातीत घट किती? जेमतेम २ औंस! म्हणजे झाड पाण्याचंच, असं ते म्हणाले. हवेचा हिशेब मात्र राहून गेला. वाळलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो, तो हवेतला. पानं त्यापासून साखर करतात, साखरेचं सेल्युलोज, म्हणजे झाडाचे चिवट धागे, होतं; त्यात लिग्निन हे कडकपणा देणारं द्रव्य मुरलं की लाकूड. नत्र, स्फुरद, पालाश मातीतून येतात. वजनाला थोडे, पण त्यांच्यावाचून सगळंच अडतं.

आता वाहतूक. पाणी चढतं जलवाहिन्यांतून, आणि गंमत म्हणजे या वाहिन्या मेलेल्या पेशींच्या असतात. पानांतून वाफ उडते, तशी खालच्या पाण्याला ओढ बसते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे धार तुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या ११५ मीटर उंचीच्या रेडवुडच्या शेंड्यालाही पाणी असंच पोचतं. ना पंप, ना वीजबिल!

साखरेची वाट वेगळी. ती सालीतल्या रसवाहिन्यांतून जाते. हे आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. मणी धरले की काही जण वेलीच्या खोडावरची सालीची बारीक कडी काढतात. गर्डलिंग म्हणतात त्याला. आतलं लाकूड शाबूत, म्हणून पाणी चढत राहतं आणि वेल सुकत नाही. पण मुळांकडे निघालेली साखर वरच अडते, घडांच्या वाट्याला जास्त येते, मणी फुगतात. तोवर मुळं उपाशीच! काही आठवड्यांत जखम भरते. मात्र सुरी खोल गेली, तर पाण्याचीही वाट तुटते. अशक्त वेलीवर हा प्रयोग करू नये, हे माझं स्पष्ट मत.

रसवाहिन्यांत रस दाबाखाली असतो. मावा ही बारीक कीड नेमकी तिथेच सोंड खुपसते; रस आपोआप तिच्या पोटात शिरतो, आणि जादा साखर ती मागून टाकते. पानांवरचा चिकटा तो हाच. शास्त्रज्ञांनी तर रस पिणाऱ्या माव्याची सोंड तशीच ठेवून कीड कापून टाकली, आणि त्या सोंडेतून पाझरणारा शुद्ध रस तपासायला गोळा केला.