फुंकरीचा हिशेब

"घ्या, घ्या, अजून घ्या... आता जोरात सोडा! सोडत राहा, सोडत राहा!"

नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि शेजारी टेक्निशियनचा हा आग्रह. तो हवाच, कारण फुंकर अर्धवट राहिली की आकडाही चुकीचा येतो. म्हणून स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मोजून होणाऱ्या फुप्फुसांच्या तपासणीत, निदान तीन चांगल्या फुंकरा घेतात आणि सर्वांत मोठ्या दोन एकमेकींशी जुळतात का, ते तपासतात.

१८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून दाखवला. उंची वाढते तशी ही क्षमता वाढते, हे त्याला दिसलं. आजही नळी हातात देण्याआधी उंची मोजतात ती त्यामुळेच. मात्र त्याची मोजणी 'किती हवा' एवढीच होती. 'किती वेगानं' हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला आणि खरी उकल तिथे झाली.

आता दोन रिपोर्ट पाहा. दोघांनीही पहिल्या सेकंदात १.८ लिटर हवा सोडली. हा एफईव्ही-वन. पण पूर्ण फुंकर, म्हणजे एफव्हीसी, एकाची ३.६ लिटर आणि दुसऱ्याची २.१.

पहिल्याची निम्मीच हवा सेकंदात बाहेर पडली. श्वासनळ्या अरुंद झाल्यात. दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा दीर्घकाळचा आजार, असू शकतो. इनहेलर देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावतात. तरीही एफईव्ही-वन भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीची शंका बळावते. दुसऱ्याची सुमारे ८६ टक्के हवा झटकन बाहेर आली. त्याच्या नळ्या मोकळ्या आहेत, पण फुप्फुसात हवा मावतेच कमी. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुस कडक होण्याच्या आजारात, असं दिसतं. तरी खात्रीसाठी फुप्फुसाची एकूण क्षमता मोजावी लागते, कारण कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत उरते आणि ती या यंत्राला दिसत नाही.

म्हणून आधी गुणोत्तर पाहावं, मग बाकीचं.

रिपोर्टवर '७८ टक्के' दिसलं की अनेकांना वाटतं, २२ टक्के फुप्फुस गेलं. तसं मुळीच नाही. ही तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसांच्या सरासरीशी असते, आणि निरोगी माणसांतही फरक बराच असतो. उलट, ११० वरून दोन वर्षांत ९० वर आलेला माणूस कागदावर 'नॉर्मल' दिसतो, पण त्यानं बरंच गमावलेलं असू शकतं. जुना रिपोर्ट सोबत असेल, तरच डॉक्टरांना ही घसरण दिसते.