गुणसूत्रं निवडताना: गव्हाचा जनुकसंच

गव्हाचा एक दाणा. त्यातला जनुकसंच, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली सगळी आनुवंशिक माहिती, माणसाच्या जनुकसंचाच्या पाचपट मोठा, सुमारे १६०० कोटी अक्षरांचा. तांदळाचा जेमतेम ३९ कोटींचा, तो २००५ साली वाचून झाला. त्याच वर्षी गव्हासाठी देशोदेशीचे शास्त्रज्ञ, पैदासकार आणि गहू उत्पादक एकत्र आले.

अडचण नुसत्या लांबीची नव्हती. हजारो वर्षांपूर्वी तीन गवतांच्या संकरातून आजचा गहू झाला. तिघांचेही गुणसूत्रसंच त्यात शाबूत आहेत, प्रत्येकी सात जोड्या. हे संच इतके सारखे, की वाचलेला तुकडा कुठल्या संचातला तेच कळेना. शिवाय ८५ टक्के मजकूर पुन्हा पुन्हा तोच!

मग गुणसूत्रं आधी वेगळी करायचं ठरलं. चेक प्रजासत्ताकात, ओलोमोउत्सला, यारोस्लाव्ह दोलेझेल यांच्या प्रयोगशाळेने कोवळ्या मुळांतल्या पेशी विभाजनाच्या ऐन वेळी थांबवल्या, गुणसूत्रं द्रवात मोकळी केली, रंगवली आणि लेसरच्या झोतातून एकेक सोडली. धान्य निवडावं तशी गुणसूत्रं निवडली.

पण ३बी (म्हणजे 'बी' संचातलं तिसरं) हे सर्वांत मोठं गुणसूत्र सोडलं, तर बाकीची आकाराने जवळपास सारखी. इथे अर्नेस्ट सीअर्स यांची जुनी मेहनत कामी आली. अमेरिकेत मिसुरीमध्ये त्यांनी 'चायनीज स्प्रिंग' या वाणापासून एखादं गुणसूत्र किंवा त्याची एक भुजा कमी-जास्त असलेली रोपं वर्षानुवर्षं खपून तयार केली होती. सुटी भुजा अख्ख्या गुणसूत्राहून लहान, त्यामुळे अशा रोपांतून ती आकारावरून वेगळी काढता येते. उत्पादनासाठी हा वाण कुणी पेरणार नाही. तरी वाचायला तोच निवडला गेला, तो या रोपांमुळे. या कहाणीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच काम. जनुकसंच वाचायची यंत्रं नव्हती, तेव्हा ते झालं होतं.

गुणसूत्रं देशांनी वाटून घेतली. ३बी फ्रान्सकडे, २ए भारताकडे. ३बी २०१४ मध्ये पूर्ण झालं. शेवटी नव्या संगणकीय पद्धतीने सगळा जनुकसंच एकत्र जुळवता आला. गुणसूत्रवार जमवलेली माहिती त्यासाठी आधाराला होतीच. ऑगस्ट २०१८ मध्ये २० देशांतल्या दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी तो जाहीर केला. त्यात खात्रीने ओळखलेली जनुकं १,०७,८९१.

एक वाण म्हणजे सगळा गहू नव्हे. २०२० मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या दहाहून अधिक वाणांचे जनुकसंच आले. लोंबीतल्या कोवळ्या दाण्यांवर जगणाऱ्या एका माशीच्या अळीला रोखणारं जनुक त्यांच्याच आधारे सापडलं. त्याचं नाव 'एसएम१'.