सात लाख सह्या

मंडळी, कोल्हापुरात उभं राहून पिस्तुलबंदीची बाजू मांडायची म्हणजे जिवावर उदार व्हायचं. नेमबाज राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत ज्या मातीतल्या, तिथं हे बोलणाऱ्याला तुम्ही चहासुद्धा विचारणार नाही. म्हणून राहीपासूनच सुरुवात करतो. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, पुण्याच्या अनिसा सय्यदनं रौप्य. पण या प्रकारात लागणारं .२२ म्हणजे छोट्या गोळीचं पिस्तूल यजमान ब्रिटनमधल्या साध्या नागरिकाला घरातच काय, क्लबातही ठेवता येत नव्हतं. स्पर्धेपुरती सरकारला खास परवानगी द्यावी लागली. हे असं का, त्याचं उत्तर ग्लासगोपासून तासाभराच्या वाटेवर, डनब्लेन नावाच्या छोट्या गावात आहे.

१३ मार्च १९९६ ची सकाळ. पाच-सहा वर्षांची मुलं शाळेच्या व्यायामशाळेत जमलेली. एक माणूस चार पिस्तुलं घेऊन आत आला. १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या; शेवटी त्यानं स्वतःवर गोळी झाडली. आठ वर्षांचा अँडी मरे, पुढे टेनिसमध्ये गाजलेला, त्या दिवशी त्याच शाळेत होता. आता ऐका: चारही हत्यारं परवान्याची होती. या माणसाचा परवाना काढून घेण्याचा विचार करा, असं एका पोलिसानं १९९१ मध्येच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. कागद वर गेला आणि वरच राहिला. आपल्याला ही गोष्ट काही परकी वाटू नये.

मार्चमध्ये तिथं स्नोड्रॉपची पांढरी फुलं येतात. त्या फुलाचं नाव घेऊन काही बायकांनी सह्यांची मोहीम काढली. मुख्य मागणी थेट: खाजगी माणसाकडे पिस्तूल नको. नुसतं ‘कायदे कडक करा’ एवढंच मोघम नाही. मोघम मागणीला सरकार समिती नेमून मोकळं होतं. काही महिन्यांत सात लाखांच्या आसपास सह्या पार्लमेंटात पोचल्या.

विरोधही होता. राणीचे यजमान प्रिन्स फिलिप म्हणाले, उद्या कुणी क्रिकेटच्या बॅटीनं माणसं मारली तर बॅटींवर बंदी घालणार का? चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांचाही पहिला पर्याय सरसकट बंदीचा नव्हता; पिस्तूल वापरात नसताना निकामी करून ठेवावं, असा होता. पंतप्रधान जॉन मेजर यांचं सरकार त्यापुढे गेलं, पण क्लबातली .२२ पिस्तुलं त्यानं सोडली. मे १९९७ मध्ये मजूर पक्ष निवडून आला आणि वर्ष संपायच्या आत तीही गेली. दीड लाखाहून जास्त पिस्तुलं लोकांनी भरपाई घेऊन जमा केली.

मग हे अमेरिकेत का जमलं नाही? तिथं लोकांचा पाठिंबा कमी होता का? मुळीच नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासा, एवढ्याला तिथल्या पाहण्यांत दहातले नऊ जण हो म्हणत होते. बंदुकांच्या जत्रांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीला ती तपासणी लावणारा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटपुढे आला. बाजूनं ५४ मतं पडली; लागत होती ६०. बहुमत असून हरले! ब्रिटनमध्ये साधं बहुमत पुरलं, आणि निवडणूक दाराशी आलेली होती. नुसत्या शोकानं कायदा होत नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

बंदीनं सगळं थांबलं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. नंतरची काही वर्षं बेकायदा पिस्तुलांचे गुन्हे वाढले. २०१० मध्ये कंब्रियात एकानं परवान्याच्याच शॉटगन आणि रायफलनं १२ जणांना मारलं. मात्र डनब्लेनसारखं शाळेतलं हत्याकांड ब्रिटनमध्ये पुन्हा झालेलं नाही.

राही तिथं जन्मली असती तर? हा प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, दिसतोय मला. तिला सरावासाठी परदेश गाठावा लागला असता. ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांनी वर्षानुवर्षं तेच केलं. ज्यांनी काही गुन्हा केला नव्हता, त्यांच्याकडून डनब्लेननं ही किंमत मागितली. मला ती मागणी रास्त वाटते. तुम्हाला वाटत नसेल, तर आता माईक तुमच्याकडे.